शिडी, खांब आणि कापलेला टाय

शिडी जमिनीवर आडवी ठेवा, दोन्ही टोकांखाली विटा सरकवा आणि मधल्या पायरीवर उभं राहा. शिडी खाली वाकेल. तीच शिडी सरळ उभी धरून तिच्या डोक्यावर वजन ठेवलं, तर ती नुसती दाबली जाईल. पण शिडी आपण या दोन्ही तऱ्हांनी वापरत नाही. भिंतीला तिरकी टेकवतो आणि चढतो. आपल्या वजनाचा एक भाग मग शिडीच्या लांबीतून जमिनीकडे जातो आणि तिला दाबतो. उरलेला भाग तिला आडवा रेटून वाकवतो. दाब आणि बाक एकाच वेळी, एकाच बांबूत.

कारखान्याच्या शेडचे खांब, गोदामातल्या मेझनाइनचे (मधल्या अर्ध्या मजल्याचे) कॉलम, कौलारू घराचा तिरका वासा, दोन सांध्यांच्या मध्ये पर्लिन (पत्रे पेलणारी आडवी पट्टी) बसलेला ट्रसचा, म्हणजे छताच्या त्रिकोणी जाळीचा, वरचा दांडा हे सगळे या शिडीचे भाऊबंद. नुसता दाब सोसणारा खांब पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणात भेटतो, साइटवर क्वचितच. आपल्याकडचं पोलादी बांधकामाचं मानक, आयएस ८००, हे आधीच गृहीत धरतं. बीम खांबाला साध्या जोडणीने टेकत असेल, तर त्याचा भार खांबाच्या मध्यावर धरायचा नाही. खांबाच्या पृष्ठभागापासून १०० मिलिमीटर बाहेर धरायचा, किंवा प्रत्यक्ष टेकण जिथे असेल तिथे, यांपैकी जे अंतर जास्त असेल ते. खांबाच्या अंगाला टेकलेल्या प्रत्येक बीमबरोबर थोडा बाक येतोच, असं मानूनच हिशेब सुरू होतो.

अशा खांबाचा हिशेब विद्यार्थी पाठ करतात आणि सॉफ्टवेअर दोन सेकंदांत उरकतं. तरीही शेडमध्ये ज्या चुका दिसतात, त्यातल्या बऱ्याच याच एका हिशेबाभोवती घुटमळतात. म्हणून एक खांब घेऊ आणि शेवटपर्यंत त्याचाच पिच्छा पुरवू.

आपला खांब

मेझनाइनखालचा एक कॉलम. उंची ४ मीटर. सेक्शन आयएसएमबी ३००, म्हणजे बाजारात ज्याला सगळे नुसतं ‘३०० ची एमबी’ म्हणतात ती. क्षेत्रफळ ५६.२६ चौरस सेंटिमीटर, वजन मीटरला ४४.२ किलो. पोलाद साधं, २५० मेगापास्कलला नमणारं, म्हणजे त्या ताणाला कायमचं वाकू लागणारं. खाली बेस प्लेट अशी की तिथे मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, जाणार नाही. वरचं टोक मेझनाइनच्या चौकटीत धरलेलं, आणि ती चौकट दुसरीकडच्या ब्रेसिंगमुळे (तिरक्या आधारांमुळे) हलत नाही.

वर तीन बीम येऊन टेकतात. मुख्य बीम खांबाच्या फ्लँजला (आय आकाराच्या टोकाच्या रुंद पट्टीला), त्याचा भार १६० किलोन्यूटन. दोन लहान बीम वेबच्या (दोन फ्लँज जोडणाऱ्या मधल्या पट्टीच्या) दोन बाजूंना, प्रत्येकी ४५. हे सगळे भार नियमाप्रमाणे दीडपट करून घेतलेले आहेत. एकूण दाब २५० किलोन्यूटन, ढोबळमानाने २५ टन.

आता बाक. मुख्य बीमचा भार फ्लँजच्या बाहेर १०० मिलिमीटरवर. खांबाच्या मध्यापासून फ्लँज १५० वर. म्हणजे एकूण पाव मीटर. १६० गुणिले पाव मीटर, ४० किलोन्यूटन-मीटर. मोमेंट म्हणजे एवढंच: बल आणि ते किती लांबून रेटतंय त्याचा गुणाकार. वेबकडचे दोन बीम समोरासमोर, सारख्याच भाराचे, म्हणून त्यांचे मोमेंट एकमेकांना खाऊन टाकतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते महागात पडणार आहे.

पहिला हिशेब: एक रुपया

प्रत्येक खांबाकडे खर्चायला एक रुपया आहे असं समजा. दाब त्यातले काही पैसे खर्चतो, बाक काही. बेरीज रुपयाच्या आत राहिली तर खांब पास.

आपल्या सेक्शनची निव्वळ दाब सोसायची ताकद म्हणजे क्षेत्रफळ गुणिले नमण्याचा ताण, भागिले १.१ हा सुरक्षेचा गुणक. ती येते १२७९ किलोन्यूटन. बाक सोसायची ताकद १४८ किलोन्यूटन-मीटर. दाबाचा खर्च २५० भागिले १२७९, जेमतेम वीस पैसे. बाकाचा खर्च ४० भागिले १४८, सत्तावीस पैसे. बेरीज सत्तेचाळीस. अर्ध्याहून जास्त रुपया शिल्लक.

ताणाच्या भाषेतही हेच दिसतं. दाबामुळे सगळ्या सेक्शनभर ४४ मेगापास्कल. बाकामुळे एका फ्लँजला आणखी ७० दाबाचे, समोरच्या फ्लँजला ७० ओढीचे. एका बाजूला एकूण ११४ दाब, दुसऱ्या बाजूला २६ ओढ. पोलाद २५० पर्यंत जायला तयार. काळजी कसली?

हा हिशेब चुकीचा नाही, पण तो खांबाच्या एका कापाचा आहे. करवतीने खांब आडवा कापला आणि तेवढीच चकती तपासली, तर ती खरंच मजबूत आहे. खांब मात्र ४ मीटर लांब आहे आणि या हिशेबात लांबी कुठेच आली नाही.

दाब बाकावर व्याज लावतो

नवा कोरा रोल केलेला गर्डरही पूर्ण सरळ नसतो. लांबीच्या हजाराव्या भागाएवढा बाक धरण्याची जगभरची रीत आहे. आपल्या खांबात तो ४ मिलिमीटर होईल. डोळ्याला दिसणारही नाही. पण खांबावर २५ टन आहेत, आणि मध्यावर खांब ४ मिलिमीटर सरकलेला आहे. हा भार आता त्या सरकलेल्या मध्याला आणखी बाहेर ढकलतो. तो थोडा बाहेर गेला की भाराचं अंतर वाढतं, म्हणून मोमेंट वाढतो, म्हणून तो आणखी बाहेर जातो. मुद्दलावर व्याज, व्याजावर व्याज.

हे व्याज कुठेतरी थांबतं का, हे ठरवणारी संख्या गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १७४४ मध्ये काढली. प्रत्येक सडसडीत दांड्याला एक भार असा असतो की तिथे हे व्याज अनंत होतं. दांडा हलकासा धक्का लागला तरी बाजूला निसटतो. तो भार दांड्याच्या ताठपणावर अवलंबून असतो आणि लांबीच्या वर्गाने कमी होतो. लांबी दुप्पट, भार चौथाई. पोलाद भारीतलं वापरलं म्हणून त्यात काडीचा फरक पडत नाही, कारण ताठपणा साध्या आणि भारी पोलादाचा सारखाच. हे पुष्कळांना पटत नाही, पण तसंच आहे.

आपल्या खांबाचा हा ऑयलर भार येतो ५६० किलोन्यूटन. आपण २५० टाकलेत. व्याजाचं गणित असं: एक भागिले, एक वजा २५० भागिले ५६०. उत्तर १.८. मूळचा ४ मिलिमीटर बाक सव्वासातच्या घरात जातो. भार ५०० केला तर तोच गुणक ९ च्या वर जातो, आणि तेच ४ मिलिमीटर ३७ होतात. भार दुप्पट झाला, बाक पाचपट. बेरजेचा नियम इथे मोडतो, आणि या सगळ्या विषयाचं मर्म मला विचाराल तर या एका ओळीत आहे. दाब आणि बाक शेजारीशेजारी राहणारे दोन भाडेकरू नाहीत, एक दुसऱ्याला वाढवतो.

एर्टन आणि पेरी या दोन अभियंत्यांनी १८८६ मध्ये हा जन्मजात बाक सूत्रात बांधला. पुढे युरोपात हजारावर खांब दाबून मोडून पाहिले गेले, रोलिंगनंतर थंड होताना सेक्शनमध्ये अडकून राहणारे ताण मोजले गेले, आणि त्यातून जे वक्र तयार झाले तेच आज आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत अ, ब, क, ड या चार वर्गांत बसलेले आहेत. ऑयलरचे ५६० आपल्याला मिळत नाहीत. मिळतात ४००.

पण १२७९ वरून ४०० का?

कारण खांब कोणत्या बाजूला निसटायचं हे आपल्याला विचारत नाही. त्याला जी बाजू सोपी ती तो निवडतो. शाळेतली पट्टी दोन्ही हातांत धरून दाबा. ती नेहमी पातळ बाजूने फुगते, रुंद बाजूने कधीच नाही. एमबीचं तसंच आहे. वेबच्या पातळीत ती ३०० मिलिमीटर खोल आणि ताठ, आडव्या दिशेने फक्त १४० च्या फ्लँज. आपल्या खांबाची मजबूत दिशेची दाबक्षमता १२३० किलोन्यूटन आहे, जवळजवळ पूर्ण. कमकुवत दिशेची ४००. मोमेंट मजबूत दिशेने येतोय आणि खांब पडायला बघतोय कमकुवत दिशेने. पहिल्यांदा शिकताना हे डोक्यात बसायला वेळ लागतो, कारण आपण जिकडून ढकललं तिकडेच वस्तू वाकणार अशी सवय असते.

एक खबरदारी. जुन्या हस्तपुस्तिकांमध्ये मजबूत अक्षाला एक्स-एक्स म्हणत. आयएस ८०० मध्ये तो झेड-झेड आहे आणि कमकुवत अक्ष वाय-वाय. काही सॉफ्टवेअर त्यांना ३ आणि २ असे आकडे देतात. जुन्या तक्त्यातून आकडे उचलून नव्या सूत्रात टाकताना इथे गफलत झाली, तर सगळं उत्तर उलटं होतं.

बाकाची ताकदही कमी होते. १४८ किलोन्यूटन-मीटर ही ताकद फ्लँजला कुणीतरी धरून ठेवलं असेल तर. मोकळ्या ४ मीटरमध्ये दाबाखालची फ्लँज स्वतःच एका लहान खांबासारखी वागते आणि आडवी पळू पाहते. समोरची ओढीखालची फ्लँज तिला जागेवर खेचते. एक जाते, एक जात नाही, म्हणून संपूर्ण गर्डर पिळवटतो. उभी पट्टी धारेवर धरून तिच्या टोकावर वजन टांगलं की ती जशी एकदम कलंडून पिळते, तसं. हे धरल्यावर १४८ ची ताकद ८२ वर येते. इथे मी संपूर्ण लांबीवर सारखाच मोमेंट आहे असं सावध गृहीतक घेतलंय. खरा मोमेंट खाली शून्याकडे उतरत जातो, त्यामुळे प्रत्यक्षात ताकद थोडी जास्त असेल.

दुसरा हिशेब

आता रुपया पुन्हा मोजू. आयएस ८०० च्या ९.३ कलमात दोन समीकरणं आहेत आणि दोन्ही पास व्हावी लागतात. एक विचारतं, कमकुवत दिशेने निसटणार का? दुसरं विचारतं, मजबूत दिशेने निसटणार का? दोन्हींची घडण सारखी: दाबाचा खर्च, अधिक दोन्ही अक्षांवरच्या बाकाचा खर्च, आणि बाकाच्या खर्चाला लावलेले गुणक.

यातला एक गुणक म्हणजे मघाचं व्याज. दाब जितका जास्त आणि खांब जितका सडसडीत, तितका तो एकाहून मोठा.

दुसरा गुणक सूट देणारा आहे. खांबाच्या दोन्ही टोकांना मोमेंट असे लागले की खांब धनुष्यासारखा एकाच बाजूला फुगतो, तर सर्वांत मोठा बाक नेमका मध्यावर येतो, जिथे जन्मजात बाकही सर्वांत जास्त. तिथे सूट नाही, गुणक १. एका टोकाला मोमेंट आणि दुसऱ्या टोकाला शून्य असेल, जसं आपल्याकडे आहे, तर गुणक ०.६. आणि दोन टोकांचे मोमेंट असे असतील की खांब इंग्रजी एस अक्षरासारखा दुमडतो, तर वरचा अर्धा खालच्या अर्ध्याला विरोध करतो, गुणक ०.४ पर्यंत उतरतो. याखाली मानक जाऊ देत नाही. त्याहून उदार होणं धोक्याचं, हे मला रास्त वाटतं.

मजबूत दिशेचं समीकरण: दाबाचे २५० भागिले १२३०, वीस पैसे. बाकाचे ४० भागिले ८२, एकोणपन्नास पैसे, त्यावर व्याज १.०३ आणि सूट ०.६, म्हणून तीस पैसे. एकूण पन्नास. पास.

कमकुवत दिशेचं: दाबाचे २५० भागिले ४००, साडेबासष्ट पैसे. बाकाचे तेच एकोणपन्नास, पण इथे व्याज आणि सूट यांऐवजी पिळवटण्यासाठीचा वेगळा गुणक लागतो, ०.८२ पट, म्हणजे चाळीस. एकूण एक रुपया अडीच पैसे.

नापास. तोच खांब, तेच भार, तेच पोलाद. आणि कापाच्या हिशेबात अर्ध्याहून जास्त रुपया शिल्लक होता.

आणि वेबकडचे ते दोन बीम आठवतात? ४५ आणि ४५. मेझनाइनच्या एका बाजूला माल भरला आणि दुसरी बाजू थोडी रिकामी राहिली, तर ते ६० आणि ३० होतील. एकूण दाब तोच. पण फरकाचे ३० किलोन्यूटन वेबच्या पृष्ठभागापासून १०० मिलिमीटरवर काम करणार, म्हणजे कमकुवत दिशेने जेमतेम ३.१ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट. मजबूत दिशेच्या ४० पुढे हे क्षुल्लक दिसतं. मात्र कमकुवत दिशेची बाकक्षमता फक्त १७.७ आहे आणि तिथे व्याजाचा दर दीडपट. सूट धरूनही सोळा पैसे वाढतात. रुपया अठरा पैसे. मेझनाइनवर पोती कुठे रचली जातील हे डिझाइनरच्या हातात नसतं, त्यामुळे एका बाजूला भरलेल्या मजल्याचा हिशेब स्वतंत्र करावाच लागतो. सगळीकडे सारखा भार टाकून मोकळं होणं ही माझ्या पाहण्यातली सर्वांत सवयीची चूक.

मध्यावरचा एक दांडा

आता याच खांबाला २ मीटर उंचीवर, वेबच्या आडव्या दिशेने एक टाय, म्हणजे बांधून ठेवणारा आडवा दांडा, लावू. साधा अँगल, शेजारच्या खांबाला आणि तिथून ब्रेसिंगच्या चौकटीला जोडलेला. दोन्ही फ्लँजना धरेल आणि पिळू देणार नाही अशी जोडणी.

कमकुवत दिशेची लांबी ४ ची २ झाली. दाबक्षमता ४०० वरून ९३२. बाकक्षमता ८२ वरून १२६. कमकुवत दिशेचं समीकरण: दाबाचे सत्तावीस पैसे, बाकाचे एकतीस. एकूण अठ्ठावन्नच्या आत. खांब एका ग्रॅमनेही जड झाला नाही.

म्हणूनच तो टाय कुणी कापला की माझा जीव खालीवर होतो. फोर्कलिफ्टला वाट हवी, रॅक बसत नाही, नवा कन्व्हेयर आडवा येतो. गॅस कटर येतो आणि पाच मिनिटांत अँगल खाली. कापणाऱ्याच्या मनात साधा विचार असतो की हा आडवा दांडा, याच्यावर काही भार दिसत नाही, हा कशाला? त्यात त्याचा दोष नाही. टायवर खरंच फार बळ नसतं. खांबाला सरळ ठेवायला खांबातल्या दाबाच्या दोनेक टक्क्यांएवढा जोर पुरतो, मानकातही ब्रेसिंगसाठी साधारण इतकंच धरलेलं आहे. आपल्या खांबासाठी पाच किलोन्यूटन, अर्धा टन. अर्ध्या टनाचा आधार काढला आणि खांबाची दाबक्षमता पाचशेहून जास्त किलोन्यूटनने खाली आली. त्या दिवशी काहीच होत नाही. मेझनाइन पूर्ण भरेल त्या दिवसापर्यंत काहीच होत नाही.

अमेरिकेत हार्टफर्ड शहरातल्या सिव्हिक सेंटरचं छत १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाखाली कोसळलं. आदल्या रात्री तिथे बास्केटबॉलचा सामना झाला होता, हजारो प्रेक्षक काही तासांपूर्वीच घरी गेले होते; कुणीही दगावलं नाही. साधारण ९१ बाय ११० मीटरची ती पोलादी जाळी त्या काळी संगणकाच्या हिशेबावर उभी केलेली. चौकशीत दिसलं ते आपल्या खांबासारखंच. वरच्या थरातले ९ मीटरचे दांडे मध्यावर धरलेले आहेत असं हिशेबात होतं. कडेच्या दांड्यांना तो आधार प्रत्यक्षात एका दिशेने नव्हताच. शिवाय जोडणीत तिरके दांडे आणि आडवे दांडे एकाच बिंदूत मिळत नव्हते, त्यामुळे नुसता दाब धरलेल्या मेंबरमध्ये बाकही शिरला होता. कागदावरचा आधार आणि लोखंडातला आधार यांत फरक पडला, की समीकरणं कितीही बरोबर सोडवा, ती दुसऱ्याच इमारतीची असतात.

सगळी चौकटच कलली तर

आतापर्यंत खांबाचं डोकं हलत नाही असं धरलं. ब्रेसिंगशिवायच्या शेडमध्ये ते हलतं. वारा किंवा क्रेनचा आडवा धक्का आला की सगळे खांब एकदम एका बाजूला मान टाकतात, आणि छताचा सगळा भार त्या सरकलेल्या डोक्यावर बसतो. मघाचं व्याज खांबाच्या पोटात होतं, हे खांबाच्या डोक्यावर. दोन्ही वेगळे आणि दोन्ही धरायचे. अशा चौकटीत खांबाची हिशेबातली लांबी प्रत्यक्ष लांबीहून मोठी होते. खाली घट्ट आणि वर मोकळ्या खांबाची दुप्पट. मघाची ०.६ ची सूटही इथे जाते, गुणक सरळ ०.९ घ्यायचा.

सॉफ्टवेअरच्या हिरव्या रंगाबद्दल

स्टॅडसारख्या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये मेंबरवर (एका दांड्यावर) ०.८५ असा रेशो उमटतो आणि रंग हिरवा होतो. तो रेशो म्हणजेच आपल्या रुपयातला खर्च. पण प्रोग्रॅमला लांबी कोणी सांगितली? काहीच सांगितलं नाही, तर तो एका नोडपासून (मॉडेलमधल्या सांध्यापासून) दुसऱ्या नोडपर्यंतची लांबी घेतो आणि प्रभावी, म्हणजे हिशेबातल्या, लांबीचा गुणक १ धरतो.

आता मॉडेलमध्ये टाय जोडण्यासाठी खांबाच्या मध्यावर नोड टाकला. खांबाचे दोन मेंबर झाले, प्रत्येकी २ मीटर. कमकुवत दिशेने हे बरोबर आहे. मजबूत दिशेने मात्र टाय काहीच धरत नाही, तिथली लांबी अजून ४ मीटरच आहे, आणि प्रोग्रॅम तिथेही २ धरून बसला. उलट बाजूने, टाय मॉडेलमध्ये आहे पण दोन खांबांना एकमेकांशीच बांधतो, ब्रेसिंगपर्यंत पोचत नाही; मग दोन्ही खांब हातात हात घालून एकाच बाजूला पडू शकतात, आणि प्रोग्रॅम तरीही अर्धी लांबी मान्य करतो. रेशो वाचण्याआधी प्रत्येक खांबाच्या तीन लांब्या हाताने लिहून काढाव्यात: मजबूत दिशेची, कमकुवत दिशेची, आणि दाबाखालच्या फ्लँजची. कंटाळवाणं काम आहे, पण मी हे काम कुणावर सोपवत नाही.

दाबाऐवजी ओढ असेल तर

हे प्रकरण लवकर संपतं. ओढ बाकाला सरळ करते, सैल दोरी ताणल्यावर सरळ होते तशी. व्याज लागत नाही, उलट मोमेंटमधून थोडी वजाबाकी करायला मानक परवानगी देतं. ओढ आणि मोमेंट वेगवेगळे बदलू शकत असतील, तर ती वजाबाकी पूर्ण नाही, ०.८ पटच करायची. ओढ नसताना मोमेंट आलाच तर काय, म्हणून. कापाची तपासणी मात्र इथेही करावीच लागते, बोल्टची भोकं वजा करून.

फक्त एका ठिकाणी सावध राहायचं. हलक्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रसचा खालचा दांडा एरवी ओढीत असतो. जोराचा वारा छत वर उचलू लागला की तोच दांडा दाबात जातो, आणि त्याच्यावर पंखे किंवा पाइप टांगलेले असतील तर बाक आहेच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा उडालेले पत्रे सगळ्यांनी पाहिले. पत्रे न उडता टिकले तर सगळी उचल खालच्या दांड्यापर्यंत पोचते, आणि त्याला आडवं धरणारं काही नसेल तर त्याची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची.

टाय नकोच असेल तर

फोर्कलिफ्टची वाट खरी गरज असते, हेही मान्य करायला हवं. टाय न लावता हा खांब कसा पास करायचा? पहिला विचार एमबी आणखी मोठी घेण्याचा येतो. ती वजनाने वाढते पण फ्लँज रुंद फारशी होत नाही, म्हणजे नेमकी कमकुवत बाजू कमकुवतच राहते.

त्याऐवजी आयएसएचबी २५० घ्या. मीटरला ५१ किलो. खोली ३०० ऐवजी २५०, पण फ्लँज १४० ऐवजी २५०. एकच तोटा: ही फ्लँज पातळ आणि रुंद असल्यामुळे सेक्शन अर्धसघन वर्गात जातो, म्हणजे पूर्ण ताकद गाठण्याआधीच फ्लँज चुरगळू शकते, त्यामुळे बाकाची पूर्ण (प्लास्टिक) क्षमता घेता येत नाही. तरीही कमकुवत दिशेची दाबक्षमता ४०० वरून ९५९ होते. खोली कमी, म्हणून मुख्य बीमचं अंतर पाव मीटरवरून २२५ मिलिमीटर आणि मोमेंट ३६. मोकळ्या ४ मीटरला, मध्ये एकही दांडा न लावता, कमकुवत दिशेचं समीकरण पंचावन्न पैशांत सुटतं. मेझनाइन एका बाजूने भरलेली धरली तरी एकसष्ट.

एमबी बीमसाठी आणि एचबी खांबासाठी रोल केली जाते, ती यासाठी. आपल्या या खांबात दोघींच्या वजनातला फरक आहे २७ किलो.